परतीची सालपटं

नवरोज म्हणजे वसंतातला नव्या वर्षाचा सण, त्यानंतर अठराव्या-विसाव्या दिवशी कानीबेरूच्या डोंगरावर रेवास येतो. बर्फ वितळून खडकांच्या कुशीत ओल उरते. तिथे आधी लाल मूठ वर येते, घट्ट मिटलेली. चार उन्हं खाल्ली की ती उघडते, पानं पसरतात आणि पानांखाली अंगठ्याएवढे जाड, आंबट देठ निघतात. सोलून, मीठ लावून ते कच्चेच खायचे. रेवासपर्यंत जायला ओकचं रान ओलांडावं लागतं. रान सरतं, तिथे सरहद्दीचा कडा सुरू होतो.

मी गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. सव्वीस वर्षं एक वही लिहिते आहे. रानात पहिली अळंबी कुठल्या गडगडाटानंतर आली, कंगर या रानभाजीचा काटा कोवळा किती दिवस राहिला, निळ्या पंखांचा पक्षी ओकची फळं पुरून कुठे विसरला आणि तिथे कोंब कधी फुटला, सगळं तारखेनिशी. गावातल्या बायका हसतात. शेजारची पूर खुनचे तर म्हणते, "रूनाक, अळंबीची जन्मतारीख लिहून काय तिचं लग्न लावणारेस? आधी स्वतःचं बघायचं होतंस." पूर म्हणजे मावशी, आत्या, कुणीही. खुनचे सगळ्या गावाची पूर आहे.

पण वहीत जे शेवटी लिहिलं ते मी कुणाला वाचून दाखवलेलं नाही.

त्याआधी आमची रीत सांगायला हवी. लढाई संपून माणसं गावात परतली तेव्हा रान सुरुंगांनी भरलेलं होतं. नकाशा कुणाकडेच नव्हता. घरात पीठही नव्हतं, म्हणून बायकांना रानात जाणं भाग होतं. त्यांनी आपला नकाशा आपणच केला. गेलो त्याच वाटेनं परत यायचं. येताना रेवास सोलत यायचं, सालीच्या पट्टीला गाठ मारायची आणि दर दहा पावलांवर एक सालपट टाकायचं, गाठीची शेपटी घराकडे करून. अर्थ एवढाच की या वाटेनं मी गेले आणि जिवंत परत आले. जाताना एकही टाकायचं नाही. जाणारीला काय ठाऊक, ती येणार आहे की नाही?

लहानपणी हे आम्हाला गाण्यातून शिकवलं.

रेवासवाली बर्फाची लेक,
जाताना पाऊल जपून टेक,
येताना गाठीचं सालपट फेक,
मागल्या बाईला आधार एक.

घराघराची गाठ वेगळी. आमची दोन वेढ्यांची. माझी धाकटी बहीण हताव डावखुरी होती, तिची गाठ तशीच पण उलटी पडायची, आरशात बघितल्यासारखी. दाय, म्हणजे आमची आई, वैतागायची. "दुसऱ्या घरची गाठ समजून बायका घोळ करतील, सरळ हातानं मार." हताव हसायची. समोरचा एक दात थोडा तुटलेला होता, त्यातून हसू आधी बाहेर यायचं.

बत्तीस वर्षांपूर्वी मी पंधराची होते, ती बारा. त्या दिवशी मी पुढे निघाले. ती अर्ध्या तासानं मोठी टोपली घेऊन येणार होती. माझ्या ओढणीत आदल्या दिवसाचे दोन देठ होते, शिळे, कडा सुकलेले. भूक होती. मी जाताना ते सोलले. हाताला सवय होती, हातानं गाठी मारल्या, हातानंच टाकल्या, शेपटी घराकडे करून. पडलेल्या ओकपाशी पोचले तेव्हा गवतात तार दिसली, केसाएवढी बारीक. मी श्वास धरून आल्या पावली दोन पावलं मागे आले आणि डावीकडे ओढ्यात उतरले. ओढ्याच्या दगडांवरून वर गेले. तिथे सुरुंग पेरता येत नाहीत.

मागे नऊ सालपटं राहिली. ती वेचायला जायला हवं होतं. मी गेले नाही. भीती होती, हे खरं. पण वर रेवास होता आणि बाकीच्या बायका पोचण्याआधी मला तो हवा होता, हेही खरं.

हताव परत आली नाही.

स्फोट कुणी ऐकला नाही. डोंगरात साधा दगड घरंगळला तरी गाव मान वर करतं, पण त्या दिवशी काहीच वाजलं नाही. चार पुरुष पडलेल्या ओकपर्यंत गेले, हाका मारल्या, परतले. तोवर बकऱ्यांनी रान उष्टावलं होतं. एकही सालपट उरलं नव्हतं.

दायनं विचारलं, "तू कुठनं गेलीस?"

"ओढ्यातनं."

"मग ती तुझ्या मागं का नाही आली?"

मी म्हणाले, "ती ऐकते कुठं."

तीन शब्द. दायनं ते उचलले आणि जन्मभर जवळ ठेवले. हतावचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही. बोलायची वेळ आलीच तर दाय "ती न ऐकणारी" म्हणायची. तिचे लाल बूट देऊन टाकले. रेवासला पुन्हा तोंड लावलं नाही, घरात आणूही दिला नाही. दर नवरोजला चहाचा पेला हातात घेऊन पाहुण्यांसमोर म्हणायची, "माझी रूनाक शहाणी. वाट सोडली नाही तिनं कधी." मी समोर बसलेली असायचे. साखरेचा खडा दाताखाली विरघळेपर्यंत गप्प राहायचं, हे मला चांगलं जमायला लागलं.

मग तारेचं कुंपण आलं, लाल पाट्या आल्या. दायची नजर साखरेच्या आजारानं गेली. मी लग्न केलं नाही.

वहीतली या सालपटांची पहिली नोंद नऊ वसंतांपूर्वीची आहे. मी पक्षी बघत होते. दुर्बिणीत कुंपणापलीकडचा पडलेला ओक आला आणि त्याच्या बुंध्यावर रेवासचं सालपट. ओलं, चकचकीत. उन्हात सालपट दोन तासांत वळतं, तपकिरी होतं. हे तासाभराचंही नव्हतं. गाठ दोन वेढ्यांची, उलटी. मी लिहिलं: नवरोजनंतर सोळावा दिवस. सीमेवरून ओझी वाहणारे कुणी असावेत. त्यांच्यातलं कुणी डावखुरं असेल.

पुढच्या वर्षी ते कुंपणाच्या अलीकडे होतं. मी उचललं. हाताला आंबट वास दिवसभर राहिला. त्यापुढच्या वर्षी अजून खाली, जळक्या झाडापाशी. दरवर्षी एकच, दरवर्षी घराच्या बाजूला थोडं पुढे. मी पावलं मोजून लिहीत गेले. ओझीवाल्यांचं कारण तिसऱ्या वर्षी खोडलं. त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. आठव्या वर्षी ते गावच्या झऱ्यावर होतं, बायका जिथे भांडी पालथी घालतात त्या दगडावर. खुनचे म्हणाली, "रूनाक, तुमच्या घरची गाठ दिसतीय की. पण कुणा वेंधळीनं मारलीय, उलटी." मी ते पाण्यात सोडलं.

मागच्या वर्षी सुरुंग काढणाऱ्यांचं काम संपलं. त्यांचा मुकादम लुकमान शहरातला, तोंडाचा गोड माणूस. झऱ्याच्या कट्ट्यावर बसून त्यानं जाहीर केलं, "रान मोकळं झालं. आता तुमच्या शाळेच्या अंगणापेक्षा सुरक्षित. अंगणात निदान पोरं तरी असतात."

"बरं झालं," खुनचे म्हणाली. "सुरुंग निघाले, आता आमच्या मामोस्ताला डोंगरावर नवरा सापडतो का बघा." मामोस्ता म्हणजे मास्तर. मला गावात तेच म्हणतात.

"नवरे आमच्या कामात बसत नाहीत, पूर खुनचे. सुरुंगाआधी आम्ही शिट्टी तरी मारतो, ते फुटतात ते न सांगता."

बायका हसल्या. चहा संपल्यावर तो माझ्याबरोबर चालत निघाला. हसू त्यानं कट्ट्यावरच ठेवलं होतं.

"मामोस्ता, तुमच्या बहिणीचं मला सांगितलं होतं लोकांनी. म्हणून तो पट्टा मी स्वतः बघितला."

"बरं."

"त्रेचाळीस निघाले. पण पडलेल्या ओकपासून वर एक वाट आहे, हातभर रुंद. दोन्ही अंगांना सुरुंग, मध्ये एकही नाही. सुईत दोरा ओवावा तशी सरळ. कड्यापर्यंत जाते अन् संपते."

"म्हणजे ती..."

"म्हणजे ती सुरुंगावर गेली नाही. एवढंच मी सांगू शकतो. हाड नाही, बटण नाही, टोपलीची काडी नाही." तो थांबला. "आमची कुत्री शिकवलेली आहेत. दारूचा वास आला की खाली बसतात. त्या वाटेवर बसली नाहीत. उभी राहून शेपट्या हलवत होती. ओळखीचं कुणी भेटावं तशी."

"काक लुकमान, हे दायला सांगू नका."

"भाऊ समजून काक म्हणताय अन् परक्यासारखं बोलताय," तो म्हणाला. "नाही सांगत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रान चढले. बर्फ उशिरा वितळत होतं. मला फक्त रेवास बघायचा होता, वहीसाठी. वाटेवर काही नव्हतं. हे मी नीट सांगते, कारण मी बघत होते. ओकची जुनी पानं, रानडुकरांनी उकरलेली माती, सावलीत राहिलेल्या बर्फाच्या मळक्या पट्ट्या. कुंपणाचे खांब उपटून ढीग केलेला होता. पडलेल्या ओकवर अळंबीची कानासारखी ओळ फुटली होती. सालपट एकही नाही.

कड्याखाली रेवास अजून मुठीत होता. एकही पान उघडलेलं नव्हतं. मी वाकून सोळा ठिकाणं तपासली. सोलण्याजोगा देठ अख्ख्या डोंगरावर नव्हता. मी ते लिहिलं आणि वेळ टाकली, अकरा वाजून वीस मिनिटं.

उतरताना पहिलं सालपट पडलेल्या ओकपाशी होतं.

ओलं. उलटी गाठ. शेपटी घराकडे.

पुढचं सहा पावलांवर. रीतीप्रमाणे दहावर हवं होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी माझी पावलं मोजतेय. बारा वर्षांच्या पोरीची दहा, माझी सहा.

जळक्या झाडापाशी. ओढ्याच्या वळणावर. खालची आणखी ओली होत गेली. जी कोणी टाकत होती ती माझ्या पुढे चालत होती, आणि मी थांबले की पुढचं सालपट पडायचं थांबत नव्हतं. कधी डोळ्यांनी पडताना दिसलं नाही. वळण घेतलं की ते असायचं.

झऱ्यावर कुणी नव्हतं. दगडावर एक.

आमच्या गल्लीत एक.

उंबऱ्यावर एक. त्याच्या टोकाला अजून पाण्याचा थेंब होता.

दाय खिडकीपाशी तिच्या गादीवर बसली होती. दुपारचं ऊन मांडीवर. ती काहीतरी चावत होती, सावकाश, हिरड्यांनी. खोलीभर आंबट वास होता.

"काय खातेस, दाय?"

"रेवास."

"कुणी दिला?"

तिनं उत्तर देण्याआधी गिळलं. "आली होती. माझ्या पायाशी बसली. हात बर्फासारखे गार गं तिचे. मी म्हटलं, एकतीस वर्षांनी आठवण झाली होय, न ऐकणारे? वाट सोडून हिंडलीस, मला मान खाली घालायला लावलीस."

मी दाराला टेकले.

"ती म्हणाली, दाय, मी वाट नाही सोडली. सालपटं बघूनच गेले. आपल्याच घरची गाठ होती."

गल्लीत कुणाचीतरी कोंबडी ओरडत होती.

"मी विचारलं, मग कुणाची सालपटं होती ती? तिनं नाव नाही घेतलं." दायनं माझ्याकडे तोंड केलं. दिसत नसलेल्या डोळ्यांनी बरोबर माझ्या चेहऱ्याकडे. "म्हणाली, रूनाकला विचार."

तिच्या हातात अर्धा देठ होता. दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी आधीचा घास गेलेला. दातांची ओळ स्वच्छ उमटली होती, मध्ये एक दात अर्धा.

मला बोलता आलं असतं. आजवर जितक्या वेळा गप्प बसले, त्यात बोलायला एवढी सोपी वेळ कधी आली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं आणि एक म्हातारी आपल्या लेकीला माफ करून मेली असती.

"तुला स्वप्न पडलं असेल, दाय," मी म्हणाले. "शेजारची कुणी देऊन गेली असेल."

तिनं चावणं थांबवलं. मग देठ माझ्यापुढे धरला. "घे. मला नको आता. कडू लागतोय."

रेवास आंबट असतो. कडू कधीच नसतो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी चहा घेऊन गेले तेव्हा गादी रिकामी होती. काठी भिंतीला. चपला दाराशी, जोडीनं. दाय हाताला धरल्याशिवाय अंगणात उतरत नसे.

उंबऱ्याबाहेर सालपट पडलं होतं.

पुढे दुसरं. गल्लीतून झऱ्याकडे. चिखलात अनवाणी पावलं होती, बोटं पसरलेली, आणि दर काही पावलांवर टाच थांबून फिरलेली. आंधळ्या माणसाला सालपट दिसत नाही. अनवाणी पायाला मात्र ओली साल कळते.

मी पळत गेले. रानात पोचेपर्यंत गाठीकडे बघितलं नव्हतं. कुंपणाच्या खांबांच्या ढिगापाशी वाकले आणि बघितलं.

गाठ सरळ हाताची होती. दोन वेढे. साल शिळ्या देठाची, कडा सुकलेल्या.

माझी.

शेपट्या घराकडे. या वाटेनं गेले आणि परत आले.

तिथून पडलेल्या ओकपर्यंत मी मोजली. नऊ होती.

दायची पावलंही तिथपर्यंत होती. पुढे हातभर रुंदीची मोकळी माती, लुकमानच्या माणसांनी चाळलेली, पिठासारखी मऊ. तिच्यावर काहीच उमटलेलं नव्हतं.

यावेळी गावानं रान पिंजून काढलं. आता भीती नव्हती, सगळे गेले. खुनचे माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "म्हातारं डोकं, पोरी. निघाली असेल लेकीला शोधायला. तू काय करणार? तू तर जन्मभर सांभाळलंस तिला. तुझ्यासारखी शहाणी लेक कुणाला मिळते?" मी मान हलवली. चहा आला, साखरेचा खडा आला.

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय, एवढंच.

या वर्षी बर्फ लवकर वितळलं. नवरोजनंतर सोळाव्या दिवशी मी वर गेले. पडलेल्या ओकच्या बुंध्यावर सालपट होतं, उलट्या गाठीचं, शेपटी घराकडे. मागच्या खेपेला इथून आमच्या दारापर्यंत यायला आठ वर्षं लागली होती. यावेळीही तेवढीच लागली तर मी पंचावन्नची असेन. मी वहीत तारीख टाकली.

मग शेजारी पडलेलं दुसरं दिसलं. त्याचीही शेपटी घराकडे. गाठ सैल, थरथरत्या हाताची. साल फार जाड सोललेली होती, जागोजागी देठाचा गर तसाच चिकटलेला, न बघता सोलावी तशी.